कोरेगावचा कुत्रा सांगलीत जेवत नाही

हॅलो?… हॅलो, एक्स्चेंज?… हो, सांगलीच. मी सयाजीराव माने, विश्रामबागेतून बोलतो आहे. कोरेगावचा कॉल मी सकाळी आठ वाजता नोंदवला होता आणि आता अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत… नाही, तक्रार करत नाही, वेळ सांगतो आहे… पी. पी. कॉल, म्हणजे चंद्राबाईंनाच बोलावून द्यायचं. सिकंदरशेठ यांचं पत्र्याचं दुकान… पत्र्याचं. घरावर घालतात ते पत्रे… हो, जोडा. मी धरून आहे.

हॅलो?… कोण, सिकंदरशेठ? नमस्कार. आमच्या चंद्राला जरा घरून बोलावून… येऊन बसली आहे? केव्हापासून?… नवापासून. बरं, तिच्याकडे द्या.

चंद्रा?… हो, मी दादा… अगं, ते तोंडाजवळ धर, कानाशी नव्हे. म्हणजे एक टोक कानाशी, दुसरं तोंडाशी… आता येतंय. ऐक… नाही, कुणालाही काही झालेलं नाही. रंगू बरी आहे, मी बरा आहे… अगं रडतेस काय? ट्रंक कॉल आला म्हणजे माणूस गेलंच, असा काही नियम नाही… हो, हो… ऐक ना… चंद्रा, मी कुत्र्यासाठी फोन केला आहे.

…कुत्र्यासाठी. होय. सिकंदरशेठ हसत असतील तर हसू देत.

पहिल्यांदा तुझ्या लेकीचं, बाळ-बाळंतिणीचं सांग… अंगावर पितंय? छान. आणि शकूच्या सासूबाई अजून तिथंच आहेत?… बारसं होईपर्यंत राहणार. म्हणजे कुत्रं परत घरात घ्यायची सोय नाही… नाही, नाही, त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. तान्ह्या बाळाजवळ केसाळ जनावर नको, हे म्हणणं रास्त आहे. मी वाद घालत नाही… चंद्रा, मी खरोखर वाद घालत नाही.

आता नीट ऐक आणि मधे बोलू नकोस. तुझ्या कुत्र्यानं इथं आणल्यापासून, म्हणजे रविवारपासून, अन्नाला तोंड लावलेलं नाही.

…रविवारपासून. आज गुरुवार… हो, पाणी पितो. पाणी पितो म्हणून तर आजपर्यंत राहिला… ‘लगोलग का न्हाई कळवलं’? कारण दोन दिवस नवी जागा म्हणून रुसला असेल, असं आम्ही धरून चाललो. काल मी दवाखान्यात नेला आणि आज सकाळी तुझा कॉल नोंदवला. यात दिरंगाई कुठं झाली, ते दाखव… बरं, बरं. राहू दे.

…जनावरांच्याच दवाखान्यात. दुसरा कुठं आहे? आमच्या आधी टेबलापाशी एक रेडकू होतं, त्याच्यामागून आम्ही. डॉक्टर मात्र सज्जन निघाले. ताप पाहिला, पोट चाचपलं, दात पाहिले, कान उलटून गोचीड शोधले. म्हणाले, रोग काही नाही. पण ते जे पुढं म्हणाले, त्यासाठी हा फोन आहे. म्हणाले, हे सहा किलोचं जनावर. अंगावरच्या केसांमुळे गुबगुबीत दिसतं, पण हात घालून बघा, बरगड्या बोटाला लागतात. मोठं गावठी कुत्रं उपाशी आठवडा सहज काढील, याच्याजवळ तेवढी पुंजीच नाही. उद्या संध्याकाळपर्यंत पोटात गेलं तर गेलं, परवाचं मी सांगत नाही… असं म्हणाले. जसंच्या तसं सांगतो आहे.

चंद्रा?… आहेस ना?… हो. म्हणून विचारतो आहे. तू असं काय करतेस, जे आम्ही करत नाही?

…अगं, शकूनं लिहून दिलेला कागद माझ्या हातात आहे. शब्दन् शब्द पाळला. शिरस्तेदारी केली आहे मी छत्तीस वर्षं, कागदाबाहेर जाणारा माणूस नव्हे मी. ज्वारीची भाकरी, आदल्या वेळची, कोमट दुधात कुसकरलेली. दूध भाकरीच्या वर येता कामा नये… गाईचं. म्हशीचं नाही… मीठ नाही, साखर नाही. रंगूनं काल हळूच गूळ घातला होता, मी काढून टाकला… ‘वाईच चाललं असतं’? मग कागदावर तसं का नाही?… बरं, पुढं. कोंबडीचं हाड नाही, मटणाचं चालेल. आणलं. नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

…विंचरतो की. एक दिवसाआड, आधी बोटांनी, मग लाकडी फणीनं. कानामागं आणि मांड्यांच्या मागं गाठी होतात, तिथं फणी ओढायची नाही, गाठ बोटांनी सोडवायची. सगळं करतो. शेजारचे एक हळदीचे व्यापारी म्हणाले, उन्हाळ्याचे दिवस आहेत, एवढी लोकर कशाला, कातरून टाका. मी म्हटलं, तुमच्या घराचं छप्पर उन्हाळ्यात काढून ठेवता का? केस जसे थंडी अडवतात तसंच ऊनही अडवतात. ते पटलं नाही त्यांना. अर्धा तास बोललो आम्ही… हो, हो, मुद्द्यावर येतो.

दुपारी मोरीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडतो, ते ठीक आहे ना?… ठीक. आणि चालता चालता मागचा डावा पाय उचलून चार पावलं तीन पायांवर टाकतो, ते कागदात होतं म्हणून घाबरलो नाही. डॉक्टर म्हणाले, या जातीच्या गुडघ्याची वाटी सरकते. मी म्हटलं, जात कुठली म्हणता? आई सातारच्या कॅम्पातल्या कर्नलसाहेबांची पामेरियन आणि बाप त्यांच्याच माळ्याचा गावठी. तर म्हणाले, मग गुडघा आईचा आणि शेपूट बापाची… काय?… हो, हट्टही बापाचाच असणार.

…कुठं बसतो? रंगूच्या पलंगाखाली, भिंतीकडं तोंड करून. चंद्रा, हे मला बघवत नाही. पहिल्या दिवशी दाराशी बसायचा, एस. टी.चा आवाज आला की एक कान उभा करायचा, तो दुसरा पडलेलाच असतो ना… तसा. परवापासून तेही बंद. पोस्टमन आला तरी भुंकत नाही. ज्यानं भुंकून भुंकून तुमच्या हवालदारांची झोप मोडली म्हणून तू पत्रात तक्रार लिहायचीस, तो कुत्रा चार दिवस एक अक्षर बोललेला नाही.

…नाही, घरून नाही बोलत. आपल्या घरी कुठला फोन? लालासाहेब वकिलांच्या ओसरीवर आहे. कुत्र्यालाही इथंच आणलाय, रंगूच्या मांडीवर आहे, आणि वाडगाही आणलाय. म्हटलं, तू सांगशील तो उपाय इथंच, तुझ्या समक्ष करून बघू…

एक्स्चेंज? हो, माहीत आहे, तीन मिनिटं झाली. वाढवा… हो, पुढची तीन. आणि मधे बोलू नका, इथं जिवाचा प्रश्न आहे.

चंद्रा, बोल. काय राहिलं?… ‘हाक मारता का जेवायला’? अर्थात मारतो. भाकरी कुसकरून झाली की वाडगा ठेवायचा आणि हाक मारायची, त्यात काय विशेष?… कशी म्हणजे? नावानं. मोती, मोती. पहिल्यांदा मी, मग रंगू. रंगूनं तर काल जवळजवळ गाऊन दाखवलं… काय झालं?… गप्प का झालीस?

चंद्रा?… अगं, माणसं असोत की दुकानात. ट्रंक कॉलवर गप्प बसायचं नसतं.

हे बघ, एक करतो. मी हा फोन त्याच्या कानाशी धरतो. तू तिथून हाक मार. तुझा आवाज ऐकला की उठेल. रंगू, त्याला जरा इकडं कर… हां, उभा कान, तो पडलेला नको. चंद्रा, बोल आता. मी धरलाय…

…बोललीस?… काय बोललीस? मला ऐकू आलं नाही, कान त्याचा होता… काहीच नाही बोललीस? मग हा बिचारा फोनच्या नळीकडं बघून शिंकला तो कशानं?… अगं, एक शब्द आहे. मोती म्हण. दोन अक्षरं… ‘न्हाई म्हणता येत’? का नाही येत?… कोण कोण आहे तिथं? सिकंदरशेठ, जावई, आणि?… हवालदारही आहेत. मग? आपल्याच कुत्र्याचं नाव घ्यायला आपल्याच माणसांची लाज? चंद्रा, मी आता रागावेन. इथं त्याच्या बरगड्या मोजता येतात आणि तू तिथं…

…एक मिनिट धर. लालासाहेब काही विचारताहेत… काय म्हणता?… बहिणीच्या यजमानांचं नाव? हवालदार. सगळा कोरेगाव तालुका हवालदार म्हणतो, मीही पंचवीस वर्षं तेच… अहो, नाव आहे की. आहे. नाव…

…मोतीराम.

…

चंद्रा.

…हो, आत्ता कळलं मला.

चंद्रा, तुझी लग्नपत्रिका मी लिहिली होती. माझ्या हातानं, बोरूनं. ‘चि. मोतीराम’. आणि चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत मीच कोटाच्या खिशात घालून ते पिल्लू तुझ्याकडं आणलं आणि ओसरीवर उभं राहून तुम्हा सगळ्यांना भाषण दिलं, की टॉमी आणि टायगर असली परकी नावं या घरात नकोत, शुद्ध आपलं नाव हवं… तेव्हा सगळे गप्प होते. मी समजलो, माझं म्हणणं पटलं.

…अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस?… ‘दादानं ठेवलेलं नाव, मी कसं मोडू’… आणि हवालदार? त्यांनी तरी सांगायचं… हो. स्वतःचं नाव घेऊन कुत्र्याला हाक कोण मारील? बरोबर आहे… आणि गल्लीतली पोरं?… ‘हवालदाराचं कुत्रं’. म्हणजे चार वर्षांत त्या घरात ते नाव एकदाही कुणी… एकदाही नाही. म्हणजे त्याला ठाऊकच नाही की आपण मोती आहोत. आणि मी चार दिवस त्या पलंगाखाली वाकून कुणा परक्याच्या नावानं त्याला बोलावतो आहे.

…नको, समजूत घालू नकोस. चूक ती चूक.

मग तू काय म्हणतेस त्याला?… अगं, काहीतरी म्हणत असशील… ऐकू येत नाही… पुटपुटू नकोस, ऐक ना, मोठ्यानं बोल… लाजायचं काय आहे त्यात? बरं. बरं, तू नको सांगूस. हवालदारांकडं दे.

हॅलो, हवालदार? नमस्कार… नमस्कार कसला म्हणा, मी तुमचा गुन्हेगार आहे… हसताय तुम्ही. हसा… हो, बोला… ‘आमी दोघं बी एकाच हाकंला उठतो’? म्हणजे?… थांबा, नीट सांगा, मला ओळीनं कळलं पाहिजे. ती ताट वाढते. आतून हाक मारते, ‘आवं, जेवाय चला’. तुमच्यासाठी. आणि तुम्ही उठता तसा तोही उठतो… पहिल्यापासून? पिल्लू होता तेव्हापासून. त्याला वाटतं, आवं हे दोघांचं मिळून नाव आहे… आणि मग? ‘एक ताट, एक वाडगा, शेजारी शेजारी’. तिनं कधी वेगळी हाक मारली नाही?… ‘कशापायी मारंल, एकात काम भागतंय’. बरं, हवालदार. चंद्राकडं द्या.

चंद्रा, ऐकलं मी सगळं. एवढंच ना? यात लाजण्यासारखं… जावई हसताहेत? हसू देत, त्यांच्याही घरी…

काय गं रंगू? मधे का बोलतेस?… काय?… पुन्हा सांग.

…

चंद्रा, रंगू काय म्हणते ते तुला सांगितलं पाहिजे. सांगायला जड जातंय. ती म्हणते, रविवारी रात्री तिनं मला जेवायला हाक मारली, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं, ‘अहो, जेवायला चला’. तेव्हा हा धावत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. सोमवारी दोन्ही वेळा आला. मंगळवारी सकाळीही आला. आणि मी… मी पाटावर बसलेलो, हातातलं घडी केलेलं वर्तमानपत्र उगारून त्याला हाकललं. जेवताना माणसांच्या पंगतीत जनावर नको म्हणून. मंगळवारी रात्रीपासून तो आलाच नाही.

…नाही गं, मारलं नाही. उगारलं नुसतं. पण त्याला काय ठाऊक? त्याला हाक आली होती, तो वेळेवर आला होता, आणि ज्यानं त्याला बसवून घ्यायचं त्यानंच… तू बोल ना काहीतरी. रागाव… नाही रागावत? रागावलीस तर बरं वाटेल.

एक्स्चेंज? हो. वाढवा. आणखी तीन. मिळतील तेवढी वाढवा.

चंद्रा, आता करून बघतो. धर, ठेवू नकोस. रंगू, त्याला खाली उतरव… हां, फरशीवर. वाडगा तिथं खांबापाशी ठेव. दूध निवलंय? निवू दे, आत्ता कुठं तापवतेस… आता हाक मार… कुणाला म्हणजे? मला… वकील आहेत तर काय झालं? ते आत जातात. लालासाहेब, कृपा करून दोन मिनिटं आत… हो, दार लोटून घ्या… रंगू, मार हाक. घरात मारतेस तशीच. त्याच्याकडं बघू नकोस, माझ्याकडं बघ.

…

चंद्रा, तिनं मारली. ऐकू आली का तुला?… आली?

…कान उभा केला त्यानं. पडलेला नाही, उभा होता तोच, पण ताठ… मान वळवली. रंगूकडं नाही बघत, माझ्याकडं बघतोय… उठला. चंद्रा, उठला तो. पाय थरथरताहेत. दोन पावलं… तीन पायांवर… आला वाडग्यापाशी. हुंगतोय…

नाही. नाही खात. थांबलाय. माझ्याकडं बघत उभा आहे. रंगू, पुन्हा मार… नको? का नको? चंद्रा, ‘नगं’ का म्हणतेस?… बोल लवकर… ‘हे बसल्याबिगर त्ये खात न्हाई’… म्हणजे मी बसायचं?… खाली? मांडी घालून?… अगं, हा फोन भिंतीला आहे, दोरी केवढीशी… बघतो. रंगू, ते स्टूल सरकव, भिंतीशी पाठ लागेल असा बसतो… गुडघे… हां. बसलो. पोचतंय. ऐकू येतंय ना तुला?… येतंय.

तो अजून बघतोय… मी बसलो आहे ना आता? आणखी काय हवं?… ‘हे पहिला घास घेत्यात, मग त्ये’. चंद्रा, इथं कुठलं ताट? परक्या ओसरीवर… रंगू, तुझ्याजवळ काय आहे?… भाकरी उरलीय का त्या फडक्यात?… कोरडी चालेल. दे. अर्धी दे, अर्धी त्याला लागेल तर राहू दे… एवढी पुरे.

घेतला मी घास… काय?… चावतोय… कोरडी आहे… तोंडात भाकरी आहे म्हणून आवाज असा येतोय… हो, हो… थांब. थांब जरा.

…

त्यानं मान खाली घातली.

…चंद्रा, गप्प राहा. श्वास सुद्धा मोठ्यानं घेऊ नकोस.

…जीभ लावली. दुधाला… दूध नुसतं… नाही, भाकरीही. भाकरी उचलली. गिळली… पुन्हा बघितलं माझ्याकडं. हो रे, आहे मी. हा बघ, दुसरा घास. घेतला… खा… तू पण खा… खातोय गं. खातोय. त्याच्या मिशांना दूध लागलंय… तू रडतेस का? पाव्हण्यांच्या पुढं?… रड. रंगूही रडतेय इथं… मी नाही. भाकरी कोरडी आहे, घशात अडकते, म्हणून असा आवाज… पाणी? पाणी कशाला, उठलो तर तो थांबेल.

हळू खा म्हणतेय तुझी मालकीण. हळू… अर्धा झाला वाडगा. चंद्रा, शेपूट… नाही, हलत नाही अजून. पण वर आलीय. पाठीवर वळून आलीय, ती बापाची शेपूट… ऐक ना, त्याला रोज असाच जेवू घालीन मी. दोन्ही वेळा. शेजारी पाट मांडून. बारसं होऊ दे, बाळंतीण उठू दे, तोपर्यंत इथंच… हो, आणि हाक रंगूच मारील. मी नाही मारायचा, मी येणार…

एक्स्चेंज?… हो, ऐकतो आहे. वेळ संपली, बरोबर… नाही, आता वाढवू नका… नाही हो, तक्रार काही नाही. आमचं जेवण चाललं आहे.